काटेकाकांचा बोलमीटर

निवृत्त माणसाने काय करावं याविषयी लोकांनी पुष्कळ सांगून ठेवलं आहे. फिरायला जावं, रद्दी बांधावी, गळक्या नळाला चिंधी गुंडाळावी, दुसऱ्यांच्या मुलांना पाढे विचारावेत. पण भविष्यकाळाच्या वाटेला जावं, असं कुणीही कुठेही सांगितलेलं नाही. काटेकाका गेले, आणि तेही पुतणीच्या कॉलेजातल्या अभ्यासासाठी. म्हणजे धोंडा दुसऱ्याचा आणि पाय मात्र आपला.

काटेकाका हे त्यांचं खरं नाव नव्हे. मीटर बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी उभं आयुष्य ड्रॉइंगच्या टेबलावर काढलं. पाण्याचा मीटर, विजेचा मीटर, गॅसचा मीटर, सगळ्यांच्या तबकड्या आणि काटे त्यांच्या हातचे. काटा केसभर जाड निघाला तर त्यांना जेवण जात नसे. त्यामुळे इमारतीत ते काटेकाका झाले आणि त्यांच्याबरोबर बायकोही काटेकाकू झाली, तिची काही चूक नसताना. घरात कसलाही वाद निघाला की काकांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "माणूस खोटं बोलेल, मीटर बोलणार नाही." दूध किती आलं, पाणी किती गेलं, साखर कुणी संपवली, कशालाही ते हेच वाक्य लावत. लग्न झाल्यापासून काकूंनी ते इतक्यांदा ऐकलं होतं की शेवटी त्यांचा त्यावर विश्वास बसला होता. पुढचं सगळं रामायण त्या विश्वासामुळे घडलं.

पुतणी डिझाइनच्या कॉलेजात होती. तिथे नेमकं काय शिकवतात हे काकांना कधी उमगलं नाही. तिथली मुलं खुर्च्या काढतात पण सुतार होत नाहीत, एवढं त्यांनी ध्यानात ठेवलं होतं. एका दुपारी ती आली आणि पंख्याखाली बसकण मारून म्हणाली, "काका, एक वस्तू करायचीय. रोजच्या वापरातली, पण आजची नाही. अजून दहा-पंधरा वर्षांनी घराघरांत दिसेल अशी."

"उडती मोटार?"

"छे हो! उडत्या मोटारी सगळेच काढतात. सरांनी सांगितलंय, नळ, कडी, बटण, कचऱ्याचा डबा असलं साधं काहीतरी. वापरून जुनी झाल्यासारखी दिसली पाहिजे. कोपऱ्यात धूळ हवी. ती जिथे असेल तिथे नेऊन ठेवायची आणि लोक तिच्याशी कसे वागतात ते बघून फोटो काढायचे."

"म्हणजे लोकांना फसवायचं."

"फसवायचं नाही, विचारात पाडायचं. आपण कुठे चाललोय ते त्या वस्तूवरून कळलं पाहिजे."

तिच्या स्वतःच्या मनात रडणं ओळखणारी उशी होती. काकांनी नाक मुरडलं. उशीला काटा कुठे बसवणार? मग ते खुर्चीत मागे रेलले आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांनी कपाळाला बोट लावलं. "हे बघ," ते म्हणाले, "आमच्या आजोबांच्या वेळी पाण्याला मीटर नव्हता, तो आला. विजेला आला, गॅसला आला. जे जे घरात फुकट वाहत होतं त्याला माझ्या डोळ्यांदेखत मीटर बसला. आता बिनमीटरचं काय उरलंय?"

तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला. त्या दुधाशी बोलत होत्या. "थांब, थांब, वर येऊ नकोस, मी इथेच आहे, आत्ताच कट्टा पुसलाय, काल असाच दगा दिलास. अहो, ऐकताय ना? खालच्या शिवणवाल्या बाईंकडे आज पाहुणे आलेत वाटतं, चपला बघितल्या मी बाहेर, एक जोड तर अगदी आपल्या लेकीकडे होता तसा…"

"हं," काका म्हणाले. लग्न झाल्यापासून त्यांचा या संभाषणातला वाटा इतकाच होता. मग त्यांनी पुतणीकडे पाहिलं आणि पुतणीने त्यांच्याकडे.

"बोलणं!" दोघं एकदम म्हणाले.

पुढचे काही दिवस काका वयाने निम्मे झाले. निवृत्त होताना कारखान्याने त्यांना मीटरची एक खरी पेटी लाकडी पाटावर बसवून भेट दिली होती, आतला सगळा ऐवज काढून घेतलेली. माणसाचंही कारखाना तेच करतो, असं ते एकदा म्हणाले होते. ती पेटी त्यांनी पाटावरून सोडवली. पुठ्ठ्याची तबकडी कापली. तिच्यावर बारीक निबाने दोन अर्धवर्तुळं काढली, एक 'ग्राहक १' आणि एक 'ग्राहक २', खाली 'शब्द: शिल्लक'. एका टोकाला 'पूर्ण', दुसऱ्या टोकाला लाल पट्टा. पत्र्याचे दोन काटे कातरले आणि डिंकाने पक्के चिकटवले. क्रमांक म्हणून कारखान्यातला आपलाच हजेरीचा बिल्ला नंबर कोरला. कोपऱ्यांत शिवणयंत्राचं तेल लावून कपाटावरची धूळ भुरभुरवली. खरं सांगायचं तर, त्या पेटीपुढे मूळचा मीटर नकली वाटला असता.

आता काटे कुठे ठेवायचे? काका फारसे विनोद करणाऱ्यांतले नव्हते. आयुष्यात त्यांनी जे दोन-तीन विनोद केले ते ऑफिसात कुणाला कळले नव्हते. पण या वेळी त्यांना राहवलं नाही. ग्राहक १ म्हणजे स्वतः, त्यांचा काटा त्यांनी जवळजवळ पूर्णावर ठेवला. ग्राहक २ म्हणजे काकू, त्यांचा काटा लाल पट्ट्याच्या जरासा वर. पुतणी पोट धरून हसली. काका इतके खूष झाले की त्यांनी कपाटातून सील मारायचा जुना चिमटा काढला, तार ओवली, शिशाची गोळी बसवली आणि चिमटा दाबला. सील लागलं.

कारखान्यात नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवत. एक वेळ बापाचा शब्द मोडावा, पण लागलेलं सील तोडू नये. काकांनी ते इतकं अंगी बाणवलं होतं की औषधाच्या बाटलीचं झाकणसुद्धा ते काकूंकडून उघडून घेत.

पेटी जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत, विजेच्या मीटरांच्या रांगेत त्यांच्या घराच्या मीटरशेजारी बसली. पुतणी दुसऱ्या दिवशी फोटो काढायला येणार होती. पण तिला ताप भरला आणि पेटी तिथेच राहिली.

पहिला प्रेक्षक म्हणजे इमारतीचे सेक्रेटरी. या गृहस्थांना एखादी गोष्ट माहीत नाही असं आजवर घडलेलं नव्हतं, निदान त्यांनी ते कबूल केलेलं नव्हतं. काका मुद्दाम जिन्यात घुटमळत होते. सेक्रेटरींनी पेटी पाहिली, चष्मा वर केला, वाचलं, चष्मा खाली केला. काकांना वाटलं, आता हा विचारणार, हे काय आहे? मग आपण हसून सांगणार.

सेक्रेटरी म्हणाले, "तुमच्याकडे आधी बसवला होय? आमच्याकडे कधी येणार म्हणाले?"

काकांच्या तोंडाचा चंबू झाला. "तुम्हाला… हे ठाऊक आहे?"

"वरच्या मीटिंगमध्ये झालंय ना हे सगळं," सेक्रेटरी म्हणाले आणि अर्धं वाक्य गिळून, आवाज उतरवून पुढे बोलले, "पण आपण आपलं आतापासूनच जपून."

काकांचा स्वाभिमान दुखावला. माणसाने आठवडाभर राबून एक अचाट वस्तू करावी आणि बघणाऱ्याला तिचं काडीचंही आश्चर्य वाटू नये! ते तणतणत वर गेले. इथेच त्यांनी ती पेटी काढून बगलेत मारली असती तर गोष्ट संपली असती. पण सेक्रेटरीला नाही तरी दुसऱ्या कुणाला आश्चर्य वाटेल, अशी त्यांना आशा होती.

कुणालाही वाटलं नाही. शिवणवाल्या बाईंनी विचारलं ते एवढंच, की बाळाला झोपवताना गुणगुणलं तर ते धरतात का, आणि नवऱ्याला दिलेल्या शिव्या कुणाच्या खात्यात जातात. वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक म्हणाले, "तत्त्वतः मी याच्या बाजूचा आहे. शहाण्याला शब्दाचा मार, असं म्हणतातच. फक्त तासाला वर्गात जे बोलतो ते वगळायला हवं." हे वाक्य त्यांनी एरवी तीन पानं लांबवलं असतं. त्या दिवशी ते मध्येच थांबले, ओठ मिटून घेतले आणि जिना चढून गेले. काका प्रत्येकाला सांगत होते, "अहो, तो खोटा आहे, मी केलाय तो, पुतणीसाठी." लोक सहानुभूतीने मान हलवत. घरात मीटर बसलेला माणूस आधी असंच म्हणणार, हे त्यांना पटत होतं.

आणि मग इमारत शांत होऊ लागली.

शांतता येते तेव्हा ती आधी कळत नाही. आधी जिन्यातलं भांडण गेलं. मग दाराशी उभं राहून होणाऱ्या गप्पा गेल्या. टीव्हीचेही शब्द धरतात असं कुणीतरी म्हणालं आणि संध्याकाळी खिडक्यांतून नुसता निळा उजेड हलू लागला, आवाज नाही. मुलं अंगणात खेळत, पण तोंडं उघडून आवाज न करता ओरडत. एक मुलगा पडला, गुडघा फुटला, त्याने आ वासला, डोळ्यांतून पाणी घळघळलं, आणि काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. काका गॅलरीतून ते बघत होते. हातातला चहा तसाच थंड झाला.

काकूंना मीटर कसा कळला? त्या कचरा ठेवायला खाली गेल्या. जाताना डब्याशी बोलत गेल्या, हे काकांनी ऐकलं. येताना जिन्यावर फक्त चपलांचा आवाज आला. त्या आत आल्या, हात धुतले आणि कट्ट्यापाशी उभ्या राहिल्या. दूध वर आलं. त्या काही बोलल्या नाहीत. दूध उतू गेलं.

पहिल्या दिवशी काकांना सुख वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सलग वाचून झाला, असं कधी झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पेपर लवकर संपला. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की आपण मधूनमधून "हं" म्हणतोय, आणि समोर कुणीच काही बोललेलं नाही.

"अगं, काहीतरी बोल," ते म्हणाले.

काकूंनी भाजीच्या टोपलीकडे बोट दाखवून भुवया उडवल्या, म्हणजे आज काय करू.

"अगं, तो मीटर खोटा आहे. मी केलाय. तू स्वयंपाकघरात होतीस तेव्हा इथेच बसून केलाय, हा बघ कातरलेला पत्रा."

काकूंनी पत्र्याचा तुकडा पाहिला. मग नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, आजारी माणसाच्या ठेवतात तसा. आणि हाताने खुणा करून त्यांचंच वाक्य त्यांना परत केलं. आधी त्यांच्याकडे बोट, मग बोट नकारार्थी हललं. मग खाली जिन्याकडे बोट आणि ठाम मान. माणूस खोटं बोलेल, मीटर बोलणार नाही. असे आपलेच दात आपल्याच ओठांना लागले की ओरडताही येत नाही.

त्याच आठवड्यात मीटर वाचणारा आला. दरवेळचाच पिकल्या मिशांचा माणूस, बगलेत वही, हातात बॅटरी. त्याने एकेका मीटरवर उजेड पाडून आकडे उतरवले आणि त्याच हिशेबाने काकांच्या पेटीवर पाडला, वाकून पाहिलं आणि उतरवलं.

"अहो, अहो," काका धावले, "त्यात काही नाही! रिकामी पेटी आहे ती!"

म्हाताऱ्याने वही मिटली. "तुमचं ठीक आहे," तो हळूच म्हणाला, "तुमच्याकडे रग्गड आहे. बाईंना जपा." आणि त्याने बॅटरी ग्राहक २ वर धरली.

काटा लाल पट्ट्यावर टेकला होता.

काकांनी तो डिंकाने चिकटवला होता. पट्ट्याच्या वर, दोन रेघा सोडून. आपण कुठे काटा ठेवला हे काटेकाका विसरतील, हे शक्य नव्हतं. डिंक ओला असेल, घसरला असेल, असं ते स्वतःला समजावत वर गेले.

पेटी काढून टाकायची, बस्स. ते स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खाली आले तर सेक्रेटरी दारात आडवे. त्यांनी सीलकडे बोट दाखवलं. काकांचा हात तिथल्या तिथे थबकला. स्वतःच मारलेलं सील, पण सील ते सील. सेक्रेटरींनी मोठ्या कष्टाने तीन शब्द खर्च केले, "कचेरीत जाऊन या."

विजेच्या कचेरीत काकांनी आधीही अर्धं आयुष्य वाट पाहण्यात घालवलं होतं. पण त्या गर्दीत कायम एक कालवा असे, खिडकीवर भांडणं असत. आज रांग होती आणि आवाज नव्हता. लोक कागद पुढे करत, बोटाने दाखवत, मान डोलावत. एका कोपऱ्यात कुणीतरी खोकलं तेव्हा दोघातिघांनी दचकून मागे पाहिलं. काकांना वाटलं, आपल्याला घाम गर्मीने येत असावा. गर्मी काही नव्हती.

खिडकीवरच्या बाईंनी भुवया उंचावल्या.

"माझ्या घराच्या मीटरशेजारी एक मीटर लागलाय," काका म्हणाले, आणि आपला आवाज त्या खोलीत फार मोठा झाल्यासारखा त्यांना वाटला. "तो तुमचा नाही. कुणाचाच नाही. तो काढायचाय."

"नंबर?"

काकांनी बिल्ला नंबर सांगितला. हसू दाबून सांगितला, कारण हा नंबर ज्या जगात होता ते जग त्यांनी सोडलं होतं आणि तो कुठल्याच यंत्रात सापडणार नव्हता. बाईंनी तो टाइप केला. जरा वेळ वाट पाहिली.

"सापडला," त्या म्हणाल्या. "तुमच्याच नावावर आहे. दोन ग्राहक. चालू आहे."

काकांनी खिडकीत डोकं घातलं. "कुणी… कुणी बसवला?"

बाईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. बसवणाऱ्याच्या जागी त्यांचं संपूर्ण नाव होतं, इमारतीत कुणाला आठवत नव्हतं ते आडनावही.

"काढा म्हणतो ना मी तो!"

"शिल्लक असताना काढत नाहीत," बाई म्हणाल्या. "संपली की आपोआप बंद होतो. मधल्या काळात दुरुस्ती फक्त बसवणारा करू शकतो." एवढं बोलल्यावर त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि मागच्या माणसाला पुढे यायची खूण केली.

काका घरी आले ते कसे आले हे त्यांना आठवत नव्हतं. काकूंनी पाणी दिलं. काहीच न सांगता ते पलंगावर आडवे झाले आणि डोळे मिटले. झोप कुठली लागणार? दुपारची वेळ, पंखा फिरत होता, आणि जराशाने पलंगाच्या कडेला काकू येऊन बसल्याचं त्यांना जाणवलं. काकूंना वाटलं, हे झोपलेत. आणि त्या बोलल्या. इतक्या दिवसांनी, इतक्या हळू, की पंख्याच्या आवाजात ते अर्धं बुडत होतं.

"गॅसची किल्ली खिडकीत आहे, डाव्या हाताला. दूध आलं की आधी तापवायचं, तसंच ठेवायचं नाही. तुमची रक्तदाबाची गोळी पांढऱ्या डबीत, पिवळ्या नाही. लेकीचा फोन आला की नुसतं हं म्हणू नका, तिला विचारा ती जेवली का." मग त्यांनी काकांच्या अंगावरची चादर सारखी केली. "डॉक्टरांना सांगायला लागतील म्हणून थोडे ठेवलेत. तुम्हाला कधी काही झालं तर."

काकांनी डोळे उघडले नाहीत, कारण उघडले असते तर पाणी दिसलं असतं. आपण ज्या बाईच्या बोलण्याची आयुष्यभर टर उडवली, ती उरलेसुरले शब्द आपल्या गोळ्यांसाठी साठवून ठेवते आहे, हे त्यांना सोसवेना. ते ताडकन उठले, तिचं तोंड हाताने बंद केलं, "खर्चू नकोस!" म्हणाले, आणि चिमटा, तार, कात्री, निब, शाईची बाटली घेऊन तडक जिना उतरले.

खाली आवाज नसताना बातमी कशी पसरते कोण जाणे, पण मीटरच्या खोलीपाशी सगळी इमारत गोळा झाली. सेक्रेटरी दोन्ही हात पसरून नाही नाही करत होते. प्राध्यापकांनी डोळ्यांवर हात धरले. शिवणवाल्या बाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. काकू धापा टाकत मागून आल्या. काकांनी कात्री सीलच्या तारेवर ठेवली. आजवर त्यांनी एकही सील तोडलं नव्हतं, आणि आज तोडायचं ते स्वतःचं.

टक्. शिशाची गोळी जमिनीवर पडली आणि गडगडत सेक्रेटरींच्या चपलेपाशी थांबली. सेक्रेटरी मागे सरले.

काकांनी झाकण उघडलं. "बघा! आत काही नाही! मी म्हणत नव्हतो?" आत खरंच काही नव्हतं. पुठ्ठ्याची तबकडी, मागे रिकामी जागा, आणि त्या जागेत काटे फिरवील असं एकही चाक नाही. काकांनी हात घातला. पेटी आतून कोमट होती, नुकत्याच बंद केलेल्या चुलीसारखी. आणि ग्राहक २ चा काटा मीटर वाचणाऱ्याने दाखवला त्यापेक्षा अजून खाली होता.

खोटी की खरी, हा वाद घालायची ती वेळ नव्हती. दुरुस्ती फक्त बसवणारा करू शकतो. त्यांनी तबकडी उपसून काढली आणि उलटी केली. मागची बाजू कोरी होती. भिंतीला टेकवून त्यांनी तिच्यावर एकच मोठं अर्धवर्तुळ काढलं, कारखान्यात काढत तसं, एका दमात, आणि खाली लिहिलं 'ग्राहक: दोघं मिळून'. दोन्ही काटे सोलून काढले, एकावर एक ठेवून पिळले आणि एकच काटा केला.

आता इथे दुसरा कुणी असता तर त्याने तो काटा डोळे मिटून पूर्णावर नेऊन ठेवला असता. सगळी इमारत तीच वाट बघत होती. पण काकांनी खिशातून पेन्सिल काढली, आपली शिल्लक आणि काकूंची शिल्लक यांची बेरीज केली, दोनाने भागून रेघ आखली, आणि काटा बरोबर त्या रेघेवर बसवला. अर्ध्याच्या किंचित वर. मग झाकण लावलं आणि हाताच्या सवयीने तार ओवून नवं सील दाबलं.

"झालं," ते काकूंना म्हणाले. "आता खातं एकच. माझं पडून होतं ते तू वापर."

काकूंनी काट्याकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"अहो," काकू म्हणाल्या, आणि सगळी इमारत पुढे झुकली, "स्वतःच्या हाताने काढताय तर भरून टाकायचा होता ना पुरता! कोण विचारणार होतं?"

"असं कसं?" काका दुखावून म्हणाले. "ते खोटं झालं असतं."

"खोटं! अख्खी पेटी खोटी आणि काटा तेवढा खरा! काय म्हणावं या माणसाला? आणि सील कशाला लावलंत लगेच? आणि खाली येताना गॅस बंद केलात का तुम्ही? मी तर तुमच्या मागे तशीच पळाले, कुकर लावलाय वर…" त्या जिना चढू लागल्या आणि बोलणं त्यांच्याबरोबर वर गेलं, पायरीशी, कठड्याशी, कुकरशी. शिवणवाल्या बाई भिंतीला टेकून रडू लागल्या, मोठ्याने. ते ऐकून कुणाचं तरी बाळ रडलं, मग प्राध्यापकांनी घसा साफ केला. इमारत पूर्वीसारखी झाली नाही, पण थोडीफार बोलती झाली.

पुतणी बरी होऊन आली, तिने फोटो काढले, झाला तो सगळा प्रकार लिहून दिला. काकांना वाटलं, पहिला नंबर कुठे गेला नाही. सरांनी तिला नापास केलं. विषयच समजला नाही म्हणाले. भविष्यातली वस्तू करायची होती, हा मीटर तर आमच्या बिल्डिंगमध्ये केव्हाच बसलाय. पुतणीने हे सांगितलं तेव्हा काकांनी पेपरची घडी घातली. पुढच्या वेळी उशी कर, असं त्यांनी तिला हाताने खुणावून सांगितलं.

हो, खुणावून. कारण खातं एक झालं त्या दिवसापासून काटेकाका बोलत नाहीत. आधीही ते फार बोलत नसत, त्यामुळे फरक चटकन कुणाच्या ध्यानात आला नाही. कुणी जिन्यात अडवून काही विचारलं तर ते हसतात आणि वर बोट दाखवतात. वर खिडकीतून काकूंचा आवाज येत असतो, दुधाशी, भाजीशी, फोनवर लेकीशी. ती जेवली का, सासूच्या गुडघ्याचं कसं आहे, पलीकडच्या घरात कोण राहायला आलं. रोज सकाळी कचऱ्याचं निमित्त करून काका खाली जातात, काट्यापुढे उभे राहतात आणि वर येतात. काटा कुठे आहे हे ते कुणाला सांगत नाहीत.

परवा संध्याकाळी काकू शेंगा सोलत बसल्या होत्या आणि काका समोर पेपर धरून बसले होते. पेपर वाचत नव्हते, ऐकत होते. काकू लेकीच्या लहानपणची एक गोष्ट सांगत होत्या, पाऊस नव्हता तरी ती छत्री उघडून झोपायची ती. मध्येच त्या थांबल्या. हातातली शेंग तशीच राहिली.

"अहो," त्या म्हणाल्या, "ऐकताय ना?"

काकांनी मान हलवली. काकू तरीही बघत राहिल्या. मान हलवणं म्हणजे ऐकणं नव्हे, हे त्यांना आयुष्यभराच्या अनुभवाने माहीत होतं.

काकांनी पेपर खाली ठेवला. "ऐकतोय," ते म्हणाले. "पुढे सांग. छत्री कुठल्या रंगाची होती?"

खाली मीटरच्या खोलीत, काटा घसरावा तसं काहीतरी टक् वाजलं. ते दोघांनीही ऐकलं.

"लाल," काकू म्हणाल्या, आणि पुढे सांगू लागल्या.